रोजच्या फोटोसाठी झूम लेन्स घ्यायचीय? आधी जुने फोटो उघडा

गेल्या दिवाळीला पुतण्या घरी आला आणि फराळाची ताटली हातात घेऊनच विचारायला लागला, "काका, अठरा-तीनशे घेऊ काय? एकदाच घेतली की परत बघायला नको." त्याच्याकडं निकॉनचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप लहान असलेला) डीएसएलआर आहे, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे आणि वर्षभर त्यानं तिच्यावर दणकून फोटो काढलेत. मी म्हटलं, "घे की, कोण नको म्हणतंय? पण आधी लॅपटॉप उघड, तुझे फोटो काय म्हणतात ते बघू."

त्यानंतरचे तीनेक आठवडे आम्ही दोघांनी जे जे केलं तेच इथं ओळीनं लिहितोय. हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कोणतरी विचारतंच. आणि काउंटरवर पहिली जी लेन्स पुढं येईल ती घेऊन घरी येणारी पोरं बघितली की जिवाला लागतं, कारण त्या डब्यात कुणाची तरी वर्षाची बचत असते. रोजचे फोटो म्हणजे मी काय धरतोय तेही सांगतो, घरातली माणसं, रस्ता, बाजार, देवळाचा परिसर, संध्याकाळचा आमचा कोल्हापूरचा रंकाळा तलाव, सणवार, गावची जत्रा, कधीतरी पन्हाळा. पक्षी, दाजीपूरचे गवे आणि शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हे सगळं वेगळं खातं आहे, त्यावर शेवटी-शेवटी दोन वाक्यं येतील.

अगदीच नवीन असाल तर एवढं लक्षात घ्या की लेन्सवरचे १८-५५ हे आकडे मिलिमीटरचे आहेत, आपण बोलताना एमएम म्हणतो. आकडा लहान तेवढी समोरची जागा जास्त मावणार, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसणार. "किती एक्स झूम आहे" हा प्रश्न लेन्सच्या बाबतीत विचारूच नका, कारण एक्स म्हणजे फक्त मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागलेलं उत्तर. १८-५५ पण तीन एक्स आणि ७०-२०० पण जवळजवळ तीन एक्स, आणि दोघींची कामं बघाल तर एकीचा दुसरीशी काही संबंध नाही.

पायरी १: जुन्या फोटोंचा हिशोब

तुमच्याकडं कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स असेल तर अर्धं उत्तर तुमच्या हार्डडिस्कमध्येच पडलंय. प्रत्येक फोटोच्या आत तो किती एमएमवर काढला, शटर किती (म्हणजे सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आयएसओ किती (म्हणजे सेन्सर उजेडाला किती तिखट ठेवला होता) हे लिहिलेलं असतं. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडलं की दिसतं, आणि फोल्डरच्या डिटेल्स व्ह्यूमध्ये फोकल लेंथचा कॉलम लावून सॉर्ट केलं तर सगळे फोटो आकड्याप्रमाणं रांगेत उभे राहतात. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

पुतण्याचे फोटो असे लावले तर निम्म्याच्या वर फोटो थेट १८ला, मग एक मोठा गठ्ठा ५५ला, आणि मधे थोडेफार. बहुतेकांचं असंच निघतं. पण नुसता गठ्ठा बघून निकाल द्यायचा नाही, फोटो उघडून बघायचे. १८च्या फोटोत कडेला माणसाचा खांदा कापलाय, कळस वरून तुटलाय असं दिसलं तर तुम्हाला आणखी रुंद पाहिजे होतं. आणि १८च्या फोटोत माणूस मधोमध बारीक आणि चारी बाजूला मोकळी फरशी असेल तर लेन्सचा दोष नाही, रिंग फिरवलीच नव्हती.

५५च्या गठ्ठ्यासाठी एक साधा हिशोब आहे. फोटो उघडा आणि तुम्हाला जेवढा पाहिजे होता तेवढाच भाग क्रॉप करा. क्रॉप केलेली रुंदी मूळ रुंदीच्या निम्मी आली तर तुम्हाला ५५च्या दुप्पट, म्हणजे ११० एमएम पाहिजे होतं. एक तृतीयांश आली तर १६५. असे वीस-पंचवीस फोटो बघा. पुतण्याचे बघितले तेव्हा बहुतेक फोटो ७० ते १३०च्या मधे आले. १५०च्या वर गेलेले फोटो दोन-तीनच, त्यातला एक चंद्राचा आणि एक रंकाळ्यातल्या बगळ्याचा. ३००चं खूळ तिथंच निम्मं उतरलं.

आणि एक गठ्ठा वेगळा काढा, हललेल्या फोटोंचा. त्याच्याकडं हे चिक्कार होते, सगळे संध्याकाळनंतरचे किंवा घरातले, शटर बघितलं तर १/१५, १/२० असलं काहीतरी. म्हणजे त्याला खरी अडचण लांबचं दिसण्याची नव्हती, उजेडाची होती, आणि तो मात्र लांबचं दाखवणारी लेन्स घ्यायला निघाला होता. ही गोष्ट कुठल्या रिव्ह्यूमधून कळली नसती.

पायरी २: चिकटपट्टी लावून एक रविवार

कागदी चिकटपट्टी घ्या, साधी पारदर्शक नको, तिचा गोंद राहतो. झूमची रिंग एका आकड्यावर ठेवून पट्टी लावा आणि दिवसभर तेवढ्यावरच फोटो काढा. आम्ही एका रविवारी १८वर पट्टी लावून भवानी मंडप, महाद्वार रोड, तिथून बिंदू चौक असं फिरलो, दुसऱ्या रविवारी ३५वर रंकाळा. पुतण्या पहिल्या अर्ध्या तासात वैतागला, मग हळूहळू स्वतः पुढं-मागं व्हायला लागला, आणि दुपारपर्यंत त्याला नेमकं सांगता यायला लागलं की इथं मला जास्त पाहिजे, इथं कमी पाहिजे. महाद्वार रोडवर माणसांची एवढी गर्दी असते की मागं सरकायला जागाच नाही, तिथं १८च लागतं, आणि रंकाळ्याच्या काठावरून पाण्यातला संध्यामठ काढायचा तर १८ला तो चिमणीएवढा येतो, तिथं आपण पाण्यावरून चालत जाऊ शकत नाही. म्हणजे जिथं पायानं अंतर कमी-जास्त करता येतं तिथं झूम नसली तरी चालते, आणि जिथं मागं भिंत किंवा पुढं पाणी आहे तिथंच झूमची खरी गरज लागते. तुमच्या नेहमीच्या जागांमध्ये भिंती जास्त आहेत की पाणी जास्त आहे ते बघा.

पायरी ३: फुटात मोजा

एमएमचे आकडे डोक्यात बसत नसतील तर हे करा. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ एमएम असते, कॅननची जरा कमी, २२.३. या रुंदीला लेन्सच्या आकड्यानं भागा आणि तुम्ही किती फुटांवर उभे आहात त्यानं गुणा. तेवढे फूट रुंद दृश्य आडव्या फोटोत मावणार.

दहा फुटांची खोली धरा, आपल्याकडच्या बहुतेक हॉलची तीच गत आहे. १८ला १३ फूट मावतात, १६ला साडेचौदाच्या वर, आणि २४ला दहाला थोडं कमी. बारशाचा, वाढदिवसाचा ग्रुप फोटो डोळ्यासमोर आणा, १८ आणि २४ मधला फरक म्हणजे कडेच्या दोन काकू फोटोत येणार की नाही एवढा सरळ आहे. लहान आकड्याच्या बाजूला एक-दोन एमएमनं लई फरक पडतो, आणि २५० की ३०० यानं तेवढा पडत नाही, शंभर फुटांवरून २५०ला नऊ-साडेनऊ फूट मावतात आणि ३००ला पावणेआठ, दोन्हीत माणूस पुरता भरतोच. म्हणून लेन्स बघताना नजर आधी पहिल्या आकड्यावर जाऊ द्या. दुकानात सगळे दुसराच आकडा बघतात.

याचं मला सगळ्यात चांगलं उत्तर गुऱ्हाळात मिळालं. दिवाळीनंतर गुऱ्हाळघरं चालू झाली की एकदा तरी कॅमेरा घेऊन जातो. काहील, म्हणजे रस उकळायची कढई, सात-आठ फुटांची, तिच्याभोवती वाफ, मागं भिंत नाहीतर चिपाडाचा ढीग, त्यामुळं सात फुटांच्या पलीकडं मागं सरता येत नाही. २४वर काहीलच पुरती मावत नाही. १८ला काहील मावते, वर गुळव्या पण येतो, त्याच्या हातातला लांब दांडा येतो, वर छपरातून उतरलेला उन्हाचा पट्टा वाफेत दिसतो, आणि तो पट्टा आला नाही तर गुऱ्हाळाचा फोटो गुऱ्हाळाचा वाटतच नाही. मग तिथंच ५०ला जाऊन साच्यात गूळ ओतणारे हात. एका जागेवर उभं राहून दोन फोटो, मधे लेन्स बदलायची नाही, कारण त्या वाफेत लेन्स काढली की आत काय जाईल सांगता येत नाही. झूम लेन्स एवढ्यासाठी पाहिजे. (बाहेरच्या गारव्यातून आत गेल्या-गेल्या काचेवर धुकं धरतं, ते शर्टानं पुसू नका, दहा मिनिटं थांबा, आपोआप जातं.)

पायरी ४: क्रॉप आणि फुल फ्रेमचा घोळ

इथं नवीन माणूस हमखास फसतो. २४-७०, २४-१०५, २४-१२० या लेन्स फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या आहेत, तिथं त्या रोजच्या वापराला उत्तमच. क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) मात्र दृश्य दीडपट आवळलं जातं, कॅननवर १.६ पट, म्हणजे २४-१०५ ही निकॉन किंवा सोनीच्या क्रॉपवर ३६ ते १५७ सारखी वागते. दहा फुटांच्या खोलीत ती लेन्स घेऊन उभं राहिलात तर काय होतं ते वर आलंच आहे. "पुढं-मागं फुल फ्रेम घेणारच आहे, म्हणून आत्ताच भारी लेन्स घेतो" असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि तो फुल फ्रेम येईपर्यंत तीन-चार वर्षं घरातले सगळे फोटो अर्धवट येत राहतात. आज जो कॅमेरा हातात आहे त्याच्यासाठी लेन्स घ्या.

फोनशी तुलना करून बघा म्हणजे अंदाज येईल. आपल्या फोनचा मेन कॅमेरा साधारण फुल फ्रेमच्या २४ ते २६ एमएमएवढं दृश्य दाखवतो. क्रॉपवर तेवढंच बघायला १६ किंवा १७ लागतं. फोनची सवय झालेल्या माणसाला १८ पण जरा आवळल्यासारखी वाटते ती यामुळं. म्हणून क्रॉपवर रोजची झूम १६, १७ किंवा फार तर १८ला सुरू होणारीच घ्या, हे मी ठामपणे सांगतो.

पायरी ५: उजेड

गंगावेशीतला दूध कट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढून पेल्यात धारोष्ण दूध हातात देतात. पुतण्याला घेऊन मी तिथं मुद्दाम गेलो. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावरचा पिवळा दिवा, म्हशीची काळी कूस आणि त्यापुढं पांढरा फेस. त्याच्या १८-५५ वर ५५ला एफ ५.६च्या पुढं उघडत नाही. आयएसओ ३२०० केला तरी शटर १/३० आलं, आणि १/३०ला धार काढणाऱ्या मावशींची बोटं नुसती पुसल्यासारखी आली, फेसाचा पांढरा डाग. मग माझी जुनी १७-५० एफ २.८ त्याच्या कॅमेऱ्याला लावली, ५०ला, तोच आयएसओ. शटर १/१२५ला गेलं. बोटं दिसायला लागली, पेल्याच्या काठावरचे फेसाचे बुडबुडे वेगवेगळे मोजता येत होते, मागची गर्दी मऊ झाली. पोरगं स्क्रीनकडं बघतच राहिलं.

त्यामागचं गणित एवढंच आहे. एफच्या पुढचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं. ५.६ वरून २.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो, म्हणून शटर चौपट वेगानं मारता येतं. १८-३०० सारख्या लेन्स लांबच्या टोकाला ६.३ पर्यंत जातात, तिथं २.८च्या तुलनेत पाचवा हिस्साच उजेड राहतो. लेन्सवर "३.५-५.६" असे दोन आकडे लिहिले असतील तर पहिला रुंद टोकाचा आणि दुसरा लांब टोकाचा, झूम करत जाल तसं भोक लहान होत जातं. "२.८" असा एकच आकडा असेल तर सगळीकडं तेवढंच.

पण तुमचे फोटो सगळे दिवसाउजेडी, पन्हाळ्याच्या तटबंदीवर, शेतात, अंगणात असतील तर एफ २.८ साठी जादा पैसे आणि जादा वजन कशाला घ्यायचं? पायरी १ मधला हललेल्या फोटोंचा गठ्ठा लहान असेल तर हा खर्च वाचवा.

अजून एक वाट आहे आणि ती मी बऱ्याच जणांना सुचवतो. आहे ती १८-५५ तशीच ठेवा आणि झूम नसलेली ३५ एमएम एफ १.८ घ्या. निकॉनची क्रॉपवाली ३५ फक्त २०० ग्रॅमची आहे, आणि १.८ला ५.६च्या नऊपटीहून जास्त उजेड येतो. झूम लेन्सचा लेख लिहिताना असं सांगणं विचित्र वाटेल, पण ज्याला फक्त घरात बाळाचे फोटो काढायचेत त्याला नवीन झूम लागतच नाही.

पायरी ६: थरथर थांबवणारी सोय

कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस, टॅमरॉनवर व्हीसी, सिग्मावर ओएस, नावं वेगळी, काम एकच, तुमच्या हाताची थरथर भरून काढणं. ही सोय नसेल तर साधा नियम असा की क्रॉपवर एमएमच्या दीडपट शटर ठेवा, ५५ला १/८०, २००ला १/३००. सोय असेल तर भवानी मंडपाची कमान १/१० ला पण हातात धरून स्वच्छ येते. मात्र त्याच फोटोत चालणारी माणसं भुतासारखी येणार, कारण ती सोय तुमचा हात थांबवते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. पोरं, म्हशी, लेझीम, यांना शटरच लागतं, म्हणजे परत उजेड. काही कॅमेऱ्यांत ही सोय बॉडीतच असते, तसं असेल तर लेन्समध्ये नसली तरी फार बिघडत नाही.

पायरी ७: खांद्याला विचारा

माझ्या एका मित्रानं जवळजवळ आठशे ग्रॅमची झूम घेतली, काच अप्रतिम, फोटो बघितले की तोंडातून शब्द फुटत नाही. पण ती घराबाहेर पडते वर्षातून चार वेळा. रोजच्या लेन्सला मी साडेपाचशे-सहाशे ग्रॅमची हद्द धरतो, बाजाराच्या पिशवीसोबत खांद्यावर दोन तास राहिली पाहिजे. दुकानात हातात घेऊन "हलकी आहे की" असं वाटतं, तसं ठरवू नका. घरी कॅमेऱ्याच्या बॅगेत तेवढ्या वजनाच्या दोन तांदळाच्या पुड्या घाला आणि एक संध्याकाळ रंकाळ्याला पूर्ण फेरी मारा, मग कळेल.

धुळीचंही इथंच सांगतो. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचं काय होतं ते माहीतच आहे, सगळा डोंगर गुलाबी. तिथं सासनकाठ्या एवढ्या उंच असतात की कॅमेरा उभा धरून सगळ्यात रुंद टोकच लागतं, मग झूम पुढं-मागं करायचीच नाही. लेन्सवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा, पुढं फिल्टर लावा, आणि काहीही झालं तरी लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअरनं उडवा, मगच कापड, कोरडा गुलाल घासला की काचेवर रेघा.

मग घ्यायची कुठली?

माझं मत सांगतो. उजेडाची अडचण असेल तर १७-५० नाहीतर १७-७०, एफ २.८. जुन्या निकॉन-कॅनन डीएसएलआरला सिग्माची १७-५० एफ २.८ ओएस सेकंडहँडमध्ये बघा, ५६५ ग्रॅम, २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते म्हणजे ताटातला तांबडा-पांढरा पण मस्त येतो. सोनी किंवा फुजीचा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ फक्त २९० ग्रॅमच्या आसपास आहे, एवढ्या वजनात एवढा उजेड म्हणजे नाद खुळा, पण तिच्यात थरथर थांबवायची सोय नाही. टॅमरॉनची १७-७० एफ २.८ मध्ये ती आहे, झूम पण जादा, वजन मात्र ५२५.

उजेडाची अडचण नाही आणि एकच लेन्स सगळीकडं पाहिजे असेल तर १८-१३५, १८-१४० किंवा कॅनन मिररलेसवर १८-१५०. पायरी १ चा हिशोब ज्यांचा १३०च्या आत येतो, आणि बहुतेकांचा येतो, त्यांना ही पुरून उरते. १८-३०० मी शक्यतो सुचवत नाही. एवढा मोठा पल्ला एका नळीत बसवायचा म्हटलं की काचेला कुठंतरी तडजोड करावीच लागते, रुंद टोकाला भिंती फुगतात आणि लांब टोकाला फोटो मऊ येतो. प्रवासात दुसरी लेन्स बाळगायचीच नाही असं पक्कं असेल त्यालाच ती शोभते. फुटबॉल आणि पक्ष्यांसाठी कॅननची ५५-२५० नाहीतर ७०-३०० वेगळी घ्या, हलक्या असतात, सामन्याच्या दिवशी बाहेर काढायच्या. गव्यांचं पण तेच.

गंमत म्हणून सांगतो, फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली, फोक्टलेंडर कंपनीची झूमार, ३६-८२ एफ २.८. म्हणजे बाबुराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात स्वतःच्या हातानं सिनेकॅमेरा उभा केला त्यानंतर चाळीस वर्षांनी. तोवर सगळे पायानंच झूम करत होते.

पायरी ८: दुकानात आणि सेकंडहँड घेताना

आधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथं बसते ती जोडणी. निकॉनच्या एफ आणि झेड वेगळ्या, कॅननच्या ईएफ आणि आरएफ वेगळ्या. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत ऑटोफोकसची मोटर नाही, त्यामुळं मोटर नसलेली जुनी लेन्स लावली तर फोकस हातानं करायला लागतो. टॅमरॉनच्या जुन्या १७-५० मध्ये मोटरवाली आणि बिनमोटरची अशा दोन्ही निघाल्यात, म्हणून स्वतःचा कॅमेरा घेऊनच जा, लावून बघा, अर्ध्या दाबानं फोकसचा आवाज ऐका.

नवीन घेताना जीएसटीचं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि भारतातली वॉरंटी. बिलाशिवाय स्वस्त मिळणारी लेन्स बाहेरून आणलेली असू शकते, तिला इथल्या सर्व्हिस सेंटरची वॉरंटी मिळत नाही. घ्यायच्या आधी जमलं तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून एक दिवस भाड्यानं घ्या, बिगरसीझनला खुशीनं देतात.

सेकंडहँड घेताना खिशात टॉर्च पाहिजे. दोन्ही बाजूची झाकणं काढा, मागून तिरका उजेड टाका आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असले तर चालतात, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की बुरशी, परत द्या, स्वस्त दिली तरी नको, बुरशी काचेवरचा कोटिंगचा थर खाते. पुतण्यासाठी आम्ही पहिली जी लेन्स बघायला गेलो ती बाहेरून नवीकोरी होती, विकणारा माणूस सांगत होता की वर्षभर कपाटातून काढलीच नाही, आणि टॉर्च मारल्यावर आतल्या काचेच्या कडेनं सगळी नक्षी. कपाटातून काढली नव्हती हे खरंच होतं, बुरशी त्यामुळंच आली.

आपल्याकडं एक जादा गोष्ट तपासायची, २०१९ आणि २०२१चा महापूर. पाण्यात राहिलेल्या लेन्सच्या माउंटजवळच्या स्क्रूवर गंज असतो, रिंग फिरवताना करकर लागते, रबराच्या खाचेत बारीक गाळ बसलेला असतो. नखानं खरवडून बघा.

मग भिंतीवर पुढारीचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा बरोबर समोर स्टुलावर ठेवा, रुंद टोकाला आणि लांब टोकाला एफ ५.६ वर एकेक फोटो काढा आणि चारी कोपऱ्यातली अक्षरं मोठी करून वाचा. चारी कोपरे थोडे मऊ असले तर ते चालायचंच. तीन स्वच्छ आणि एकच पुसट असेल तर आतली काच सरकलीय, लेन्स कधीतरी पडलेली आहे. शेवटी लेन्स तोंड खाली करून धरा, नळी आपोआप घसरत बाहेर आली तर भाव कमी करून मागा.

पायरी ९: घरी आणल्यावर

आपला पावसाळा चार महिन्यांचा, आणि भिंतीला ओल धरते तशी लेन्सलाही धरते. कातड्याची किंवा कापडाची बॅग पावसाळ्यात नको, ती ओल धरून ठेवते. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल, आत छोटा आर्द्रता मोजायचा काटा, तो ४० ते ५०च्या मधे ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं होईपर्यंत भाजून, गार करून आत टाकायचं. त्यासाठी वेगळा तवा ठेवा, भाकरीचा नको. तांदळात लेन्स ठेवायचा उपाय कोण सांगितला तर ऐकू नका, तांदळाची भुकटी रिंगमध्ये जाते. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दहा फोटो काढा, वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

लेन्ससोबत हूड (पुढं लावायचं कडं) आला असेल तर तो उलटा लावून मिरवू नका, सरळ लावा, ऊन आणि धक्का दोन्हीला तोच पुढं होतो.

पुतण्यानं तिसऱ्या आठवड्यात सेकंडहँड १७-५० एफ २.८ घेतली, टॉर्च मारून, पेपर चिकटवून, सगळं तपासून. वाचलेल्या पैशात डबा आणि जेल आलं. परवा त्याचा मेसेज आला, दूध कट्ट्यावरचा फोटो, ५० एमएम, एफ २.८, १/१२५, आणि खाली लिहिलं होतं, "काका, मावशींना प्रिंट देऊन आलो."